गाडी चार-सहा महिने उभी ठेवायचीय, काय काय करू?

दिवाळी झाली की या कॉलमला एकाच जातीचे प्रश्न यायला लागतात. सुट्टी संपवून जवान पोस्टिंगला निघतात, कुणी मुलाकडे परदेशी जातं, आणि गाडी दारात उभी. मागच्या महिन्यात आलेल्यातले पाच इथे घेतलेत, बाकीच्यांची उत्तरं यातच मिळतील.

प्रश्न: मामा नमस्कार, मी आर्मीत आहे, सध्या लडाखला. गाडी पेट्रोल हॅचबॅक, गावाकडे जांबोटीच्या अलीकडे, घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये असते. बाबा दर रविवारी न चुकता पाच-दहा मिनिटं चालू करून ठेवूलालेत, तरी मी सुट्टीवर आलो की बॅटरी डाऊन. दोन बॅटऱ्या अशाच गेल्या. मेकॅनिक म्हणतो बॅटरी काढून ठेवा, शेजारचे म्हणतात बॅटरी काढली की गाडीचा कॉम्प्युटर उडतो. आता परत निघालोय, पुढची सुट्टी शिमग्यानंतरच. – एक जवान, खानापूर तालुका

उत्तर: बाबांना सांगा, रागवू नका म्हणावं, पण बॅटरी त्या रविवारच्या स्टार्टनेच जातीय. सेल्फ मारताना बॅटरीतून एकदम भरपूर करंट जातो आणि तो परत भरायला गाडी रस्त्यावर चांगली पंचवीस-तीस मिनिटं पळायला लागते, जागेवर स्लो इंजिनवर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा डायनामो, नीट चार्जच करत नाही. म्हणजे दर रविवारी थोडं काढलं आणि थोडंसंच भरलं, असं करत करत महिन्या-दोन महिन्यात खडखडाट. वर गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक हे सगळे बॅटरीतून थेंब थेंब खातच असतात.

आणि बॅटरीचं सोडा की, ती बदलता येते. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी पळाली तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पाच मिनिटात बंद केली तर आतच थंड होऊन बसतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. तसंच पाणी आणि न जळालेलं पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. बाबांना ऑइल भरायचं झाकण उघडून खालून बघायला सांगा, दुधावरच्या सायीसारखा पांढरट चिकट थर दिसला तर समजायचं इंजिन कधी नीट तापलंच नाही.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे, एकतर गाडी खरंच चालवा नाहीतर खरंच झोपवा. बाबांकडे लायसन असेल आणि हात बसलेला असेल तर पंधरा दिवसातनं एकदा खानापूरच्या बाजारला जाऊन यावं, येताना थोडा वेळ एसी लावावा म्हणजे कॉम्प्रेसरचं ऑइल फिरतं आणि सील सुकत नाही. एवढं केलं की पुढचं काही वाचायचीही गरज नाही. ते चालवत नसतील तर किल्ली कपाटात आणि रविवारचा कार्यक्रम बंद.

झोपवायची तर बॅटरी काढा, मेकॅनिक बरोबर आहे. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी मायनस सोडवायचा, मग प्लस. कारण गाडीची सगळी बॉडी मायनस असते, आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना कुठे पत्र्याला टेकला तर ठिणग्या, पाना लाल होतो नाहीतर हात भाजतो. जोडताना उलटं, आधी प्लस आणि मायनस शेवटी. काढलेली बॅटरी दुकानात नेऊन रात्रभर फुल चार्ज करून आणा आणि घरात कोरड्या जागी ठेवा. फरशीवर ठेवली की उतरते ही जुनी समजूत, आताच्या प्लास्टिकच्या डब्याला तसलं काही होत नाही. मीटर लावला तर फुल बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली आली की परत चार्जिंगला पाठवा. पूर्ण उतरलेली तशीच ठेवली की आतल्या प्लेटवर सल्फेटचा थर कडक होऊन बसतो, मग ती कितीही चार्ज केली तरी टिकत नाही. तुमच्या दोन्ही बॅटऱ्यांचं हेच झालेलं असणार.

कॉम्प्युटर उडत नाही. घड्याळ मागे जाईल, रेडिओची स्टेशनं जातील, एखाद्या गाडीत पॉवर विंडोचं ऑटो परत सेट करायला लागेल, एवढंच. मात्र एक गोष्ट कुणी सांगत नाही. बॅटरी काढल्यावर रिमोट चालत नाही, ड्रायव्हरचा दरवाजा किल्लीनेच लॉक करायचा आणि किल्लीनेच उघडायचा, बटन दाबून चालू होणाऱ्या गाडीत रिमोटच्या पोटात एक बारीक लोखंडी किल्ली असते ती आधीच काढून चालते का बघून ठेवा. काही गाड्यांची डिकी इलेक्ट्रिक असते, ती उघडतच नाही, म्हणून पाने, जॅक, हवेचा पंप असलं काही डिकीत ठेवू नका.

हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. तुमच्याकडच्या दमट हवेत मागच्या ब्रेकच्या ड्रमला आतला लायनर चिकटतो आणि सहा महिन्यांनी गाडी जागची हलत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून विटा नाहीतर लाकडाचे ठोकळे. टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय हवा जास्त, आणि महिन्यातनं एकदा गिअर न्यूट्रल करून, दोघांनी मिळून गाडी अर्धा चाक पुढे ढकलायची, विटा परत लावायच्या, बाबांना रविवारी काहीतरी करायचंच असेल तर हे करू दे.

तुम्ही तिकडे लडाखला बघत असालच, उतरलेली बॅटरी शून्याच्या थोड्या खालीच गोठून फुटते आणि फुल चार्ज असलेली तेवढ्या थंडीत तग धरते, साधं डिझेल मेणासारखं घट्ट होतं म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशापर्यंत न गोठणारं वेगळं विंटर डिझेल काढलं. गावाकडे त्यातलं काहीच नको. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात गाडीला मारतो तो पाऊस. सुट्टी पुढे ढकलून पावसाळ्यात गेली तर गाडीवर प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री थेट टाकायची नाही, खाली दमट हवा कोंडून रंगाला फोड येतात आणि सीटला बुरशी. वरचा पत्रा गळत नाही ना एवढं बघा आणि अंगावर कापडी कव्हर टाका, हवा जाईल असं.

प्रश्न: आम्ही दोघंही रिटायर्ड. डिसेंबर ते मार्च मुलाकडे जर्मनीला जाणार. तो म्हणतो तिकडे लोक हिवाळ्यात गाडी बंद करून ठेवतात, नंबर प्लेटवर महिनेच छापलेले असतात. आपण पण जाताना अँटिफ्रीझ वगैरे सगळं करून जा म्हणून मागे लागलाय. काय काय करावं? – शहापूर, बेळगाव

उत्तर: मुलगा सांगतोय ते खरं आहे. जर्मनीत सीझनची नंबर प्लेट मिळते, उजव्या कडेला सुरुवातीचा आणि शेवटचा महिना आकड्यात असतो, तेवढेच महिने गाडी रस्त्यावर आणायची आणि टॅक्स-इन्शुरन्सही तेवढाच. तिकडे चांगली गाडी हिवाळ्यात आत ठेवायचं मोठं कारण रस्त्यावर टाकलेलं मीठ, बर्फ वितळायला टाकतात ते, आणि त्याने गाडीचा खालचा पत्रा खाऊन जातो. शहापुरात मीठ फक्त आमटीत पडतं, त्यामुळे ते टेन्शन नको.

अँटिफ्रीझचं म्हणाल तर ते म्हणजे रेडिएटरमधलं कूलंटच. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो, निम्मं कूलंट निम्मं पाणी केलं की उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे डिसेंबरात स्वेटर लागतो, पाणी गोठत नाही. पण कूलंट हवंच, वेगळ्या कारणाने. त्यात गंज रोखणारं औषध असतं. तुमच्या गाडीत मधनंमधनं बोअरचं पाणी ओतलं असेल (आणि सांगू का, निम्म्या बेळगावने ओतलेलं असतं) तर जायच्या आधी फ्लश करून नवीन कूलंट भरा, नाहीतर चार महिने ते क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये बसून राहील. इंजिन ऑइल बदलून वर्ष होत आलं असेल तर आल्यावर नको, जायच्या आधीच बदला, वापरलेल्या ऑइलमध्ये ॲसिड आणि पाणी असतं, ते बेअरिंगवर बसवून ठेवायचं कशाला. नुकतंच बदललं असेल तर राहू दे.

बाकी बॅटरी, टायर, हँडब्रेक वरच्या उत्तरातलंच.

इन्शुरन्सची तारीख मात्र आज काढून बघा. मधल्या काळात संपत असेल तर आधीच भरून जा. गाडी उभी असली तरी चोरी, आग, झाड पडणं हे सगळं होऊ शकतं, आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की इतक्या वर्षांचा जमलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, जातो. किल्ली शेजारी द्यायची की नाही हे तुमचं तुम्ही बघा, पण फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई, किल्ली दिली की गाडी उभी राहीलच असं नाही.

प्रश्न: दोन महिने गाडी लावून ठेवली तर उंदरांनी बॉनेटमधलं वायरिंग खाल्लं. आता परत ठेवायची आहे. तंबाखूची पानं ठेवली की येत नाहीत म्हणतात, खरं काय? – निपाणी

उत्तर: निपाणीकरांनी तंबाखूबद्दल आम्हाला विचारायचं म्हणजे कमालच झाली. वास ताजा आहे तोवर बऱ्याच ठिकाणी उपयोग होतो, वास गेला की उंदीर त्याच पानांवर आरामात झोपतो. म्हणजे दर पंधरा-वीस दिवसांनी बदलणारं कुणी असेल तरच. सुटी पानं टाकू नका, कापडाच्या पुरचुंड्या करून बॅटरी ट्रेजवळ, एअर फिल्टरच्या डब्याजवळ बांधा, आणि किती बांधल्या ते कागदावर लिहून तो कागद स्टेअरिंगला अडकवा. बेल्टमध्ये पुरचुंडी गुंतली किंवा गरम एक्झॉस्टवर पडली तर नवीन काम. डांबर गोळ्यांचंही असंच, आणि त्या गाडीच्या आत ठेवू नका, वास महिनाभर जात नाही, डोकं धरतं.

खरा उपाय म्हणजे त्याला यायचं कारणच ठेवायचं नाही. सीटखाली व्हॅक्यूम मारा, मुलांनी सांडलेला चिवडा, कुंद्याचा डब्यातनं गळलेला चुरा, सगळं. मॅट काढून घरात. गाडी गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या पोत्यांजवळ लावत असाल तर बाकीचं काही केलं तरी व्यर्थ. सायलेन्सरच्या तोंडाला स्टीलची घासणी कोंबा, एअर इनटेकला बारीक जाळी, पाव इंचापेक्षा मोठं भोक नको कारण पिल्लू त्यातनंही शिरतं. काढायची आठवण म्हणून याचीही नोंद त्याच कागदावर. शेड बंद आणि सुरक्षित असेल तर बॉनेट उघडं ठेवा, उंदराला अंधार आणि आडोसा लागतो. विष ठेवू नका. तो खाऊन एसीच्या डक्टमध्ये जाऊन मेला तर डॅशबोर्ड खोलायला लागतो, आणि तो खर्च वायरिंगपेक्षा कमी नसतो.

प्रश्न: टाकी फुल करून ठेवू की रिकामी? ई-२० मुळे पाणी होतं म्हणे. – चिकोडी

उत्तर: फुल. ई-२० मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि ते बाहेरून नाही हो येत, उसापासूनही बनतं, आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने काढतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकी निम्मी असली की वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा, रात्री थेंब जमतात, आणि पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होऊन तळाला बसतं. आणि पंप ओढतो तळाचंच. फुल टाकीत हवेला जागाच कमी. ऑटो कट झाला की बस, गळ्यापर्यंत भरून घेऊ नका. तीन-चार महिने काही होत नाही, त्यापुढे गेलं तर आल्यावर थोडं चालवून नवीन पेट्रोल मिसळा. एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्यांचे पाइप-सील ई-२० च्या हिशोबाने असतात, त्याच्या बऱ्याच आधीची लोखंडी टाकीची गाडी असेल तर दोन महिन्यांच्या वर उभीच करू नका. डिझेलवाल्यांनी फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सोडून पाणी काढून टाकायचं, तेवढंच.

प्रश्न: सहा महिने उभी असलेली गाडी पहिल्यांदा चालू करताना काय बघायचं? – लोंढा

उत्तर: आधी बॉनेट उघडा, किल्ली नंतर. घरटं, कुरतडलेली वायर, पुरचुंड्या, सायलेन्सरची घासणी, सगळं काढा. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बघा, गाडीखाली डाग आहे का बघा. चार्ज केलेली बॅटरी जोडा. किल्ली ऑन करून तीन-चार सेकंद थांबा, ऑफ करा, असं दोन-तीनदा, पंपाला पेट्रोल वर आणू दे, मगच सेल्फ. दहा सेकंदात नाही झाली तर थांबा, सेल्फ धरून बसू नका.

चालू झाली की रेस मारायची नाही, मिनिटभर थांबून हळू बाहेर काढा. पहिले काही ब्रेक खर्र खर्र वाजतील, डिस्कवर गंज आलेला असतो, तो पॅड घासून निघतो. चाकात धक धक जाणवेल, टायर एका बाजूला बसलेला असतो, दहा-पंधरा किलोमीटरात तापला की बहुतेक जातो, नाही गेला तर टायर दाखवा. क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट चिकटलीय, ओढाताण न करता मेकॅनिकला बोलवा. आणि पहिल्याच दिवशी गोव्याला म्हणून चोर्ला घाट उतरायला घेऊ नका, आधी दोन दिवस गावातल्या गावात ब्रेक लागतात का बघा.