इंग्रजी शिकवणाऱ्याला उच्चारांचं किमान काय यायला हवं?

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी शिकवायला नुकतीच सुरुवात केली आहे, उच्चारांचं पुस्तक उघडलं की चिन्हांचा तक्ता बघूनच दडपण येतं, मग सुरुवात कुठून करावी? मी म्हणेन, तक्ता सध्या मिटून ठेवा आणि आघातापासून, म्हणजे शब्दात जोर कुठे पडतो तिथून, सुरुवात करा.

प्रमाण ब्रिटिश उच्चारात साधारण 44 ध्वनी धरतात, 20 स्वर आणि 24 व्यंजनं. ते लिहायला अक्षरं मात्र 26च. त्यामुळे स्पेलिंगवर विसंबून चालत नाही. पण माझा वर्गातला अनुभव असा की विद्यार्थ्याचं बोलणं समोरच्याला कळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा शब्दातला जोर भलतीकडे पडलेला असतो.

फळ्यावर तीन शब्द लिहा: फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक. पहिल्यात जोर 'फो'वर, दुसऱ्यात 'टॉ'वर, तिसऱ्यात 'ग्रॅ'वर. जोर सरकला की बाकीचे स्वर अंग चोरतात. म्हणून दुसरा शब्द कानाला 'फटॉग्रफर' असा लागतो. मराठीत आपण अक्षरांना बरंचसं सारखं वजन देतो, त्यामुळे हा फरक आधी ऐकूच येत नाही. मी जोराच्या जागी बाकावर टकटक करायला लावते. चारपाच दिवसांत कान तयार होतो.

अंग चोरलेल्या त्या स्वराला श्वा म्हणतात. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा स्वर हाच, आणि तो आपल्याला नवा नाही. 'कमळ' म्हणताना 'म'मध्ये जो अ येतो, त्याच्या अगदी जवळचा. आपण लिहितो 'प्रॉब्लेम', पण तिथे 'ले' नाही, 'ल' आहे. विद्यार्थ्याला तोंड वेगळं वळवायला शिकवायचं नसतं, छापील अक्षरावरची नजर काढायला शिकवायचं असतं.

व्यंजनांत आधी 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' घ्या. एक म्हणजे पश्चिम, दुसरं म्हणजे बंडी. पहिल्याला ओठांचा चंबू, दात कुठेही लागत नाहीत. दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकतात आणि घर्षण होतं. आपला 'व' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. त्यातून आपण 'व्ह' लिहितो म्हणून मुलं त्यात 'ह' मिसळतात, तो तिथे नाहीच. हातात आरसा द्या, समजावण्यापेक्षा लवकर जमतं.

'झू', 'झीरो' यांना 'माझा'मधला झ जवळचा, 'झेंडा'तला नाही. भूतकाळी क्रियापदांचा शेवट मागच्या ध्वनीवर ठरतो: 'वॉक्ट', 'प्लेड', 'वॉन्टिड'.

एवढं बसलं की शब्दकोशातली उच्चारचिन्हं वाचायला शिका, आधी स्वतः. त्यातली वरची छोटी उभी रेघ जोराच्या अक्षराच्या आधी असते, नंतर नाही. इथे पुष्कळ शिक्षक फसतात.

ब्रिटिश की अमेरिकन, हेही विचारलंय. तुमच्या शब्दकोशात जे असेल ते एकच धरा. 'कार'च्या शेवटचा र ब्रिटिश बोलण्यात सहसा गळतो, अमेरिकनमध्ये राहतो. विद्यार्थी तो र म्हणत असेल तर म्हणू द्या, त्यावर वेळ घालवू नका.