गुंठ्याएवढा ठिपका

पेणच्या खारेपाटातून एका वडिलांचं पत्र आलंय. उधाणात बांधाला खांड गेली, खारं पाणी भातशेतीत शिरलं. बातम्यांत उपग्रहावरून काढलेला पुराचा नकाशा पाहिल्यापासून अकरावी सायन्सची मुलगी हेच, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन-पाणी ओळखण्याचं शास्त्र (रिमोट सेन्सिंग), शिकायचं म्हणते. 'यात पोट भरेल का, की सरळ इंजिनिअरिंगला घालू?' असं त्यांनी विचारलंय.

दादा, शिकू द्या तिला.

पावसाळ्यात कोकणावर ढग असतात, साध्या छायाचित्रात शेत दिसतच नाही. म्हणून रडार वापरतात. त्याच्या लहरी ढगांतून पार होतात. संथ पाण्यावर पडल्या की दुसरीकडेच परावर्तित होतात, उपग्रहाकडे फारसं काही परत येत नाही, आणि चित्रात पाणी काळं दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांची अशी चित्रं मोफत मिळतात. त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास आपला एक गुंठा!

पण लावणीसाठी चिखलणी करून पाणी भरलेलं शेतही तसंच काळं दिसतं. पूर कुठला आणि लावणी कुठली, हे ठरवायला आधीची चित्रं आणि भरतीची वेळ जुळवून पाहावी लागते. पाणी खारं की गोडं, हेही त्या काळेपणावरून कळत नाही. शिवाय तोच उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी परत येतो, तोवर पाणी ओसरलेलं असू शकतं. इथे उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) कुठे आहे, पाणी कुठून शिरतं हे पाहत वाढलेली मुलगी कामाला येते. शहरातल्या हुशार मुलांनाही हे पुस्तकातून मिळत नाही.

गणित आणि भौतिकशास्त्र मात्र तिने सोडू नये. पुढे भूगोल, भूशास्त्र, कृषी किंवा सिव्हिल, कुठूनही या विषयात जाता येतं. इंजिनिअरिंगला घातलंत तरी वाट बंद होत नाही. कामं विमा, जलसंपदा, आपत्ती व्यवस्थापन, सर्वेक्षण कंपन्यांत असतात. बारावीनंतर लगेच कुणी नोकरी देणार नाही, पदवी हवीच. महागडे तीन महिन्यांचे कोर्स टाळा. डेहराडूनची आयआयआरएस ही रिमोट सेन्सिंग शिकवणारी सरकारी संस्था मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम घेते, क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे.

यंदाच्या पावसाळ्यात तिला एक वही द्या. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या शेतात पाणी होतं, खारं होतं की गोडं, ते तिने लिहावं. दिवाळीच्या सुट्टीत त्या तारखांच्या आसपासची चित्रं उतरवून वहीशी ताडून बघू दे. काय जुळलं, काय नाही, ते मला कळवा.