वाचकांचे प्रश्न : आकाशात दिसलं ते आणि दगडावर उतरलं ते

मागच्या अंकात कोकणातल्या कातळशिल्पांवर लेख आला आणि सोलापूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच होता : जुन्या चित्रांत आणि पुराणकथांत खऱ्याखुऱ्या आकाशघटना दडल्या आहेत का? निवडक चार पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या गावात मारुतीच्या देवळाबाहेर वीरगळ आहे. माथ्यावर चंद्रकोर आणि शेजारी गोल कोरलाय. १०५४ साली भरदिवसा दिसलेला तारा तो हाच, असं गावातले एक जाणते सांगतात. खरं असेल का?
— वाचक, मंगळवेढा तालुका

नाही, तो गोल सूर्याचा आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर, गोधन सोडवताना मेला असेल तर गाईसुद्धा. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गाला नेतात, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि शेवटी कलश व चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. दानलेखांवर आणि गधेगळांवरही (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेल्या दगडांवर) हीच जोडी येते. जी खूण गावोगावच्या दगडांवर ठरल्यासारखी येते, तिला एका विशिष्ट रात्रीची नोंद मानता येत नाही.

१०५४ चा तारा मात्र खरा आहे. त्या वर्षी ४ जुलैला चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ ‘पाहुणा तारा’ नोंदवला. तो २३ दिवस उजेडी दिसत होता आणि रात्री सुमारे २१ महिने. आज त्या जागी दुर्बिणीतून खेकडा तेजोमेघ दिसतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, चाको कॅन्यनमध्ये एका कपारीच्या छतावर चंद्रकोर, तिच्याजवळ मोठा तारा आणि वर हाताचा पंजा रंगवलेला आहे. ५ जुलैच्या पहाटे तिथून चंद्रकोर या ताऱ्याच्या अगदी जवळ दिसली असणार, म्हणून दोन्हींची सांगड घालतात. सांगड आकर्षक आहे, पण सिद्ध झालेली नाही. चंद्रकोर आणि शुक्र वर्षातून कितीतरी वेळा असेच जवळ येतात आणि त्या रंगाचं नेमकं वर्ष हाती नाही.

तुमच्या दगडाची नोंद जरूर करा, कारण तेलरंग आणि शेंदराच्या थरांखाली वीरगळ झपाट्याने बुजत चाललेत. शेंदूर खरवडू नका, दगडाचा पापुद्राही त्याबरोबर निघतो. रेषा उठाव्यात म्हणून खडू किंवा तेल भरण्याचा मोह तर टाळाच. पुढे कोणाला रंगाचे अवशेष तपासायचे झाले तर ती वाट कायमची बंद होते. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि फोटो समोरून काढा. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा. उन्हात सपाट दिसणारी कोर अशा तिरक्या उजेडात स्वच्छ उठते. शेजारी मोजपट्टी ठेवा. दिशा मोजताना होकायंत्र दगडावर टेकवू नका : आपला काळा पाषाण चुंबकीय असतो आणि काटा फसतो. दोन पावलं मागे सरून, कमरेच्या उंचीवर, दोन जागांवरून मोजा.

आकाशात विजेचे प्रचंड खांब उभे राहिले आणि जगभरच्या माणसांनी तेच कोरून ठेवलं, असे व्हिडिओ फिरताहेत. हात वर, गुडघे वाकलेले, कमरेशी दोन ठिपके अशा आकृत्या सगळीकडे सापडतात म्हणे.
— वाचक, जुळे सोलापूर

ही मांडणी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले प्लाझ्मा-शास्त्रज्ञ अँथनी पेराट यांनी २००३ मध्ये केली. प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित वायूतून, मोठा विद्युतप्रवाह गेला की त्याचा खांब जागोजागी आवळतो आणि फुगतो, हे प्रयोगशाळेत दिसतं. तिथपर्यंत वाद नाही. पण एकाच घटनेची ही चित्रं असतील तर ती एकाच काळातली हवीत, आणि गाडी इथेच अडते. रंगात कोळसा असेल तर कार्बन-१४ ने वय काढता येतं; नुसत्या कोरलेल्या खाचेत असं तपासायला काही नसतं. शिवाय हातपाय वाकवलेला माणूस हा कोणालाही सहज सुचणारा आकार आहे. तो दोन खंडांत सापडला म्हणून दोघांनी आकाशात एकच गोष्ट पाहिली असं होत नाही.

असे खांब उभे राहायला सूर्याचा प्रचंड उद्रेक लागेल, आणि अशा मोठ्या उद्रेकांचा पुरावा झाडांत मिळतो. इ.स. ७७४-७७५ च्या वाढीच्या वलयांत कार्बन-१४ एकाएकी वाढलेला आहे. जपानी देवदाराच्या खोडात तो २०१२ मध्ये सापडला. पेराट म्हणतात तेवढ्या मोठ्या घटनेला असं एखादं नेमकं वर्ष जोडून दाखवलं, तरच बोलणं पुढे जाईल.

ध्रुवप्रकाश (एरवी ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड) मात्र आपल्याकडे अशक्य नाही. ४ फेब्रुवारी १८७२ ला तो मुंबईतून दिसल्याची नोंद आहे आणि मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेतून त्याचं छायाचित्रण झालं. इतक्या दक्षिणेकडून त्याचा फक्त माथा क्षितिजावर येतो. तो लाल दिसतो, कारण २०० किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजन लाल प्रकाश देतो. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिशा पेटल्यासारख्या दिसण्यावर ‘दिग्दाह’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या काही वर्णनांमागे ध्रुवप्रकाश असू शकतो. पण धूळ आणि वणव्यानेही आभाळ तसंच दिसतं, म्हणून सरसकट बोलू नये.

एका ताम्रपटात सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर दान दिल्याचा उल्लेख वाचला. ते ग्रहण खरंच झालं होतं का, हे घरी तपासता येतं का? राहूची कथा अशाच एखाद्या ग्रहणातून आली का?
— वाचक, करमाळा

तपासता येतं, आणि आमच्या मते दख्खनमध्ये आकाशाची सर्वांत भरवशाची आठवण कातळापेक्षा दानलेखांतच सापडते. लेखातला शक, संवत्सर, महिना, तिथी आणि वार उतरवून घ्या. गत शकात (पूर्ण झालेली वर्षं मोजणाऱ्या शकात) ७८ मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. मग नासाच्या ग्रहणसूचीत ती तारीख पाहा, इ.स.पू. २००० पासूनची ग्रहणं तिच्यात आहेत. जुळली नाही तर आधी एक वर्ष मागे जा, कारण लेखात चालू शक (सुरू असलेलं वर्षही मोजणारा) असू शकतो. कोणतं वर्ष धरायचं ते संवत्सराच्या नावावरून ठरतं आणि वार जुळला की खात्री होते. आपला महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा, त्यामुळे सूर्यग्रहण महिन्याच्या शेवटच्या दिवशीच हवं. तारीख जुळूनही ग्रहण इथून न दिसणारं निघालं तर लेख खोटा ठरवू नका. पंचांगात गणिताने आलेल्या ग्रहणावरही दानं दिली जात.

फार मागे जाल तसं अवघड होतं. पृथ्वीचं फिरणं मंदावत आलंय, त्यामुळे इ.स.पू. २००० पर्यंत घड्याळात १२-१३ तासांचा फरक साठतो. त्यात थोडी चूक झाली तरी ग्रहणाचा पट्टा भलत्याच देशावर पडतो.

राहूच्या आधीची कथा ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात, ४० व्या सूक्तात आहे. स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने वेधतो, वाट चुकलेल्यासारखे लोक भांबावतात आणि अत्री सूर्य परत मिळवून देतात. खग्रास ग्रहण पाहिलेल्या माणसाला ही भांबावलेली अवस्था ओळखीची वाटेल. पण तेवढ्यावरून तारीख काढू नये. एका ठिकाणी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं, म्हणजे काही हजार वर्षांच्या पट्ट्यात उमेदवार अनेक निघतात. तुमच्याच तालुक्यातल्या जेऊरला २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहण झालं. पुण्याचे प्रा. नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचं पथक त्यासाठी तिथे तळ ठोकून होतं. सूर्य पूर्ण झाकलेला राहिला तो जेमतेम दोन मिनिटं.

सूर्याला खळं पडतं तेव्हा कधी कधी दोन-तीन सूर्य दिसतात असं ऐकलंय. सोलापुरात कधी दिसतील?
— वाचक, बार्शी

खळं उंचावरच्या पातळ ढगांतल्या षट्कोनी बर्फकणांमुळे पडतं आणि सूर्यापासून २२ अंशांवर असतं. हात ताठ करून पंजा फाकवला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढंच अंतर भरतं. मात्र सूर्य आधी इमारतीच्या कोपऱ्याआड घ्या, उघड्या डोळ्यांनी पाहू नका. वराहमिहिराने ज्यांना ‘प्रतिसूर्य’ म्हटलं त्यांतले बरेचसे हेच असावेत : पसरट बर्फकण आडवे तरंगत असले की सूर्याच्या डावी-उजवीकडे तेजस्वी डाग उमटतात. सूर्य ६० अंशांच्या वर गेला की ते दिसेनासे होतात. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी खळं दिसलं तरी प्रतिसूर्य दिसणार नाहीत. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळतीकडे झुकल्यावर पाहा.

काश्मीरच्या बुर्झहोममध्ये मिळालेल्या एका नवाश्मयुगीन शिळेवर शिकारी, हरीण आणि वर दोन तेजस्वी गोल आहेत. काही संशोधक त्यातला एक गोल अतिनवतारा (१०५४ सारखा, स्फोटाने एकाएकी उजळलेला तारा) मानतात. प्रतिसूर्याचा पर्यायही विचारात घ्यायला हवा, आणि तो तपासायची एक सोपी खूण आहे : प्रतिसूर्य नेहमी सूर्याच्याच उंचीवर असतो. तुम्हाला दिसला तर वेळ, बाजू, सूर्यापासूनचं पंजाने मोजलेलं अंतर आणि लाल कडा कोणत्या बाजूला होती ते लिहून पाठवा. डाग सूर्याच्याच उंचीवर आणि लाल कडा सूर्याकडे असेल तर तो प्रतिसूर्य असण्याची शक्यता जास्त.