वाचकांचे प्रश्न : गुजरीत जुनी नाणी घेताना

गुजरी म्हणजे कोल्हापुरातली सराफांची पेठ. तिथल्या आणि एकूणच जुन्या नाण्यांच्या खरेदीविषयी कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : नाणी जमवायला नुकतीच सुरुवात केली आहे. गुजरीत सराफांकडे ‘जुनी नाणी आहेत का’ विचारलं की बहुतेक जण नाही म्हणतात. विचारावं कसं, आणि जाताना सोबत काय न्यावं? (एक वाचक, राजारामपुरी)

‘नाही’ म्हणणारा सराफ खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशेबी ती नाणी नसतातच, मोडीची चांदी असते. कुणी फुटक्या पैंजणांसोबत चार राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले चांदीचे) रुपये मोडायला आणले, की ते सगळं एकत्र काट्यावर चढतं, डब्यात पडतं आणि माल साठला की आटणीला, म्हणजे वितळवायला, जातं. ते डब्यात आहे तोवर तुम्ही पोचायला हवं. म्हणून नेमकं विचारा : ‘मोडीत राणीछाप, राजाछाप रुपये आलेत का? वजनाच्या भावापेक्षा थोडं वर देऊन घेतो.’ हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. आटणीत तूट जाते, तुमच्याकडून जात नाही, हे त्याला लगेच कळतं. मोबाइल नंबर ठेवून या आणि पुढच्या वेळी त्याने बोलावलं की जा. दोनदा बोलावून तुम्ही गेला नाहीत तर तिसऱ्यांदा फोन येणार नाही.

वेळ दुपारची बरी. सकाळी भवानी व्हायच्या आधी दहा नग काढायला लावून रिकाम्या हाताने निघणारं गिऱ्हाईक कुणालाच नको असतं. गुरुपुष्यामृत, धनत्रयोदशी, अक्षय तृतीया आणि भर लग्नसराई हे दिवस तर सोडूनच द्या.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला वजनकाटा, तो तपासायला 100 ग्रॅमचं वजन, व्हर्नियर कॅलिपर, छोटं चुंबक आणि हातभर शिवायचा दोरा असू द्या. काटा काढण्याआधी विचारा. न विचारता काढला तर दुकानदाराला तो अविश्वास वाटतो. नाणं दोन बोटांत कडेनेच धरायचं, तेही ट्रेवर, आणि एका वेळी एकच. नाण्यांची चळत करून ती बोटाने सरकवत बघणं हा तर गुन्हाच समजा, चांदीवर चांदी घासली की बारीक ओरखडे पडतात. सराफाला एक विनंती मात्र आवर्जून करा : नाणं कसोटीच्या दगडावर घासू नका. त्याच्या धंद्यात ती रोजची गोष्ट आहे, पण कडेवर पडलेला तो चपटा डाग कायमचा राहतो.

खास जुन्या नाण्यांचा व्यवहार करणाऱ्यांकडे हिशेब वेगळा. तिथे दर्जा ठरवून किंमत लावलेली असते आणि घासाघीस एका नगावर नव्हे, चार नग एकदम घेताना जमते. पावतीवर नाण्याचं वर्णन, वजन आणि ‘खोटं निघाल्यास परत’ हे शब्द लिहून घ्या. लिहायला जो कांकूं करतो त्याच्याकडे महागडी वस्तू घेऊ नये.

प्रश्न : व्हिक्टोरिया राणीचा 1862 चा रुपया ‘फार जुना आणि दुर्मिळ’ म्हणून चांदीच्या तिप्पट भावात सांगितला. वाजवी किंमत कशी काढायची? खोटा ओळखायचा कसा? (एक वाचक, कागल)

1862 साल दिसलं म्हणून दुर्मिळ म्हणणं चूक. या साच्यातल्या रुपयांवर पुढची दहा-बारा वर्षं तेच साल छापलं जात होतं. 1874 पासून रुपयावर चालू साल यायला लागलं आणि 1877 पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आलं. त्यामुळे 1862 चे रुपये ढिगाने सापडतात. फरक पडतो तो मागच्या बाजूवरच्या ठिपक्यांच्या मांडणीने आणि नाणं किती कोरं राहिलं आहे त्याने. राणीच्या वस्त्रावरची नक्षी आणि मुकुटाची कड भिंगाखाली स्वच्छ उमटली असेल तरच जादा पैसे मोजा.

किमतीचा पाया चांदीचा. रुपयाचं पूर्ण वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी 91.7 टक्के. म्हणजे शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. चांदीचा भाव किलोला एक लाख धरला तर नुसत्या धातूचे 1,069 रुपये होतात. त्या दिवशीचा भाव घालून आकडा घरूनच काढून जा. झिजलेल्या साध्या रुपयाला यापेक्षा फार वर जाऊ नका. अधेली (अर्धा रुपया) 5.83 ग्रॅम आणि पावली (पाव रुपया) 2.92 ग्रॅम, याच हिशेबाने.

जॉर्ज सहाव्याच्या रुपयांना मात्र हा हिशेब सरसकट लावू नका. 1940 ते 1945 च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे. 1947 चे रुपये निकेलचे, त्यांना चुंबक चिकटतं.

आता खरेखोटेपणा. आधी वजन. वापरून झिजलेला रुपया 11.4 च्या आसपास उतरतो, पण चित्र ठसठशीत आणि वजन 11 च्या खाली असेल तर तो परत ठेवा. त्यानंतर पाण्याची परीक्षा. प्लॅस्टिकच्या छोट्या पेल्यात पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा; तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. पूर्ण वजनाच्या खऱ्या रुपयाला काटा 1.13 च्या जवळपास दाखवतो. नाण्याचं वजन भागिले हा आकडा, उत्तर 10.3 च्या आसपास यायला हवं. मुलामा दिलेल्या पितळेचं उत्तर साडेआठ येतं, तांबं-निकेलचं नऊच्या आत. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा चुकतो, तेव्हा दोरा एकदा हलकेच झटका. टंच (धातूची शुद्धता) काढायच्या मशीनवर पूर्ण भिस्त ठेवू नका, ते वरचा थर वाचतं आणि जाड मुलाम्याला फसू शकतं.

एक गोष्ट आपल्याकडे फार दिसते. या रुपयांना कडी डाखून (झाळून) ते माळेत ओवले जात. कडी काढली तरी राणीच्या डोक्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी, कडेच्या दातऱ्या बुजलेल्या असतात आणि डाखाचा वेगळ्या रंगाचा ठिपका राहतो. नाणं उभं धरून कड पूर्ण फिरवून बघा. असं नाणं खरंच असतं, पण संग्राहकाच्या लेखी ते मोडीच्याच भावाचं.

1939 चा जॉर्ज सहाव्याचा दुर्मिळ रुपया कुणी दाखवला तर शेवटचा आकडा आधी बघा. 1938 च्या ‘8’ चा ‘9’ केलेली नाणी फिरतात. आकड्याभोवतीचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसतो.

प्रश्न : शिवराई घ्यायची आहे. एका ठिकाणी शिवराई आणि सोन्याचा होन दोन्ही मिळतील असं सांगितलं. (एक वाचक, शिवाजी पेठ)

होनाचा विषय आधी संपवू. खरा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि इतका दुर्मिळ की तो असा सहज ‘मिळेल’ म्हणून सांगितला जात नाही. बाजारात स्मरणिका म्हणून केलेले सोनेरी होन भरपूर आहेत. घ्यायचे तर स्मरणिका म्हणूनच घ्या.

शिवराई तांब्याची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची गोल माळ. पण हाच मजकूर ठेवून पुढे पेशवाईअखेरपर्यंत शिवराया पाडल्या गेल्या, त्यामुळे हाती येणारी बहुतेक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. ‘शिवकालीन’ म्हणून दुप्पट भाव सांगितला तर अक्षरांचं वळण, ‘सिव’सारखी शुद्धलेखनातली फिरवाफिरव आणि दुदांडी शिवराईवरच्या दोन आडव्या रेघा बघा, ही नंतरच्या काळाची चिन्हं.

ही नाणी हाताने हातोड्याखाली पाडलेली आहेत. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून एखादं अक्षर बाहेर जाणारच. संपूर्ण मजकूर, एकसारखी गोलाई, वर हिरवट काळपट रंगाचा सपाट थर असं दिसलं की सावध व्हा. साच्यात ओतलेल्या नकलीच्या कडेला जोडाची रेघ असते, अक्षरं मेणासारखी गुळगुळीत असतात आणि खोलगट भागात हवेची बारीक भोकं दिसतात. दोन शिवरायांवर नेमक्या त्याच जागी तोच खड्डा असेल तर दोन्ही एकाच साच्यातल्या.

प्रश्न : देव्हाऱ्यातले चांदीचे रुपये काळे पडलेत, कुंकू बसलंय. विकण्याआधी उजळून घ्यावेत का? (एक वाचक, गडहिंग्लज)

अजिबात नको. चिंच, रांगोळी, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, सगळं वर्ज्य. घासलेलं नाणं चकाकतं, पण त्यावरचा टाकसाळीतला मूळ तजेला जातो आणि भिंगाखाली एका दिशेच्या शेकडो रेघा दिसतात. काळेपणा म्हणजे चांदी आणि हवेतलं गंधक यांचा पातळ थर. तो सारखा आणि निळसर असेल तर जाणकार त्याला जादा पैसे देतात. कुंकू आणि तेलकट चिकटा काढायला नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, न घासता काढा, सुती कापडावर टिपून घ्या. तेल उरलंच तर शुद्ध अॅसिटोनमध्ये पाच मिनिटं, काचेच्या वाटीत, खिडकी उघडून आणि गॅस बंद ठेवून.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नका. काही वर्षांनी त्यातून हिरवा चिकट द्रव सुटतो आणि धातू खातो. पॉलिएस्टरची कडक पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या खिडकीचे होल्डर घ्या. होल्डर उघडताना स्टेपलरच्या पिना आधी चिमट्याने काढा, नुसता फाडला तर पिनेचं टोक नाण्यावरून ओढलं जातं.

प्रश्न : वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, त्यासाठी आधी नोंदणी फी भरा, असा फोन आला. (एक वाचक, इचलकरंजी)

फी भरू नका. अशा व्यवहारात कसलंही कमिशन किंवा फी घेत नसल्याचं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे. ती नाणी मोठ्या संख्येने निघाली, लाखांचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : पंचगंगेकाठच्या शेतात नांगरताना शिशाची काही नाणी निघाली. ती दुकानात दाखवून किंमत काढावी का? (एक वाचक, करवीर तालुका)

दुकानात नको, आधी जिल्हाधिकारी कार्यालयात. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर लेखी कळवावं लागतं. असा माल विकत घेणं संग्राहकालाही महागात पडतं. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनं नाणं तुम्हाला-आम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते कुरिअरने असो की बॅगेतून.

कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननातून हा परिसर सातवाहनकाळापासूनचा असल्याचं दिसतं. विळिवायकुर आणि शिवलकुर या कुर राजांची धनुष्यबाणाच्या चिन्हाची नाणी कोल्हापूर भागातलीच. तुमची नाणी त्यातली असतील तर कुठून, किती खोलीवरून आणि कशासोबत निघाली ही माहिती धातूपेक्षा मोलाची. जागेचा फोटो काढा, नाणी धुऊ नका. लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात तर मुळीच ठेवू नका, त्यातल्या आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि अक्षरं झडतात. झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा.