ब्लाउज आत्ताच शिवायला टाक

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

लग्नाला तीन महिने उरलेत म्हणून भात बंद आणि आठवड्यातून दोन उपास, असं तू काल फोनवर सांगितलंस. ऐकल्यापासून मला चैन नाही.

उपास श्रद्धेने करत असशील तर जरूर कर. वजनासाठी मात्र नको गं. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिनं जेमतेम नावाला. वर तूप, बटाटा, दाण्याचं कूट. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. तेवढ्याच कोरड्या मटकीत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. मटकी रात्री भिजत घाल, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेव. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलंस की पांढरेशुभ्र मोड कापडातून डोकावताना दिसतील. त्याची वाटीभर उसळ, काकडीची कोशिंबीर आणि एक ज्वारीची भाकरी. असं जेवलीस की चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जाणार नाही.

फोडणीला तेलाची बुधली तिरपी करून धार धरतेस ना, तेवढं थांबव. चमच्याने मोजून घाल. मोठा, 15 मिलीचा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, एका साध्या फुलक्याहून जास्त! भात सोडायची काहीच गरज नाही. एक मूद भात, वर दाट वरण, लिंबू पिळून मनापासून खा.

काट्यावर आठवड्यातून एकदाच उभी राहा. लोणचं-पापड जास्त झालं किंवा पाळी जवळ आली की अंगात पाणी साठून किलोभर वजन वाढलेलं दिसतं; ती चरबी नव्हे. महिन्याला दोन किलो उतरले तरी भरपूर झालं.

आणि मांडवात कुणी "जाड झालीस गं!" म्हणालंच, तर छान हसून "हो काकू, आणि आज जिलबीसुद्धा खाणार आहे," म्हण. एक घे, गरम घे, सावकाश खा.

पैठणीवरचा ब्लाउज 'बारीक झाल्यावर' म्हणून ठेवला आहेस, तो उद्याच शिवायला टाक, आत्ताच्या मापाचा. टीप नंतर आत घेता येते. फक्त शिंपीकाकांना सांग, शिवणीत दोन बोटं माया ठेवा.

तुझ्या बाई