जुन्या गाडीत एलएस इंजिन (जनरल मोटर्सचं नंतरच्या पिढीचं व्ही-८) बसवताना मूळची मेकॅनिकल क्लच लिंकेज (पेडल आणि क्लच जोडणारे दांडे-शाफ्ट) ठेवता येते का?

येते, आणि नीट बसवली तर पायाला क्लच कुठे पकडतोय ते छान कळतं. मुख्य अडचण ही: पेडल आणि क्लच फोर्क (क्लच सोडवणारा दांडा) यांच्यामधल्या आडव्या शाफ्टचं (झेड-बार) एक टोक चेसिसवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकवरच्या बॉल स्टडवर (गोल डोक्याच्या बोल्टवर) टेकतं. जुन्या शेवरलेट ब्लॉकवर त्या स्टडसाठी आटे पाडलेलं भोक असायचं, एलएसवर ते नसतं. म्हणून ब्रॅकेट लागतं, आणि तेही जाड पत्र्याचं. पातळ ब्रॅकेट पेडल दाबताच वाकतं. पेडल तळाला गेलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. एकाला पेडल दाबायला सांगून खालून बघा, ब्रॅकेट हललेलं डोळ्यांना दिसतं.

दोन्ही बॉल स्टड एका रेषेत हवेत, नाहीतर शाफ्ट अडकत फिरतो. इंजिन रबरी माउंटवर डुलतं, त्यामुळे थोडी हालचाल सोसेल एवढी जागा ठेवा.

आणखी एक, हे बरेच जण विसरतात: बहुतेक एलएस क्रँकची मागची फ्लँज (फ्लायव्हील जिथे बसतं ती कडा) जुन्यापेक्षा साधारण १० मिमी आत असते. स्पेसर (अंतर भरणारी चकती) किंवा योग्य फ्लायव्हील घेतलं नाही तर रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याला ढकलतो ते) क्लचच्या प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि फोर्कचा कोन बिघडतो.

शेवटी लिंकेजचा अ‍ॅडजस्टिंग रॉड फिरवून पेडलला सुमारे २५ मिमी फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) ठेवा. तो नसेल तर बेअरिंग सतत घासत राहतं.