भरदुपारी अर्धा चंद्र, मग सावली कुणाची?

प्रश्न : परवा दुपारी चारला आकाशात अर्धा चंद्र दिसला, सूर्य पण होताच. पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्राची कोर होते असं मी शाळेपासून समजत आलोय, मग सूर्य समोर असताना सावली तिथे पोचली कशी?

उत्तर : नाहीच पोचली! तुम्ही जे पाहिलंत ना तोच सगळ्यात चांगला पुरावा आहे. पृथ्वीची सावली कायम सूर्याच्या बरोब्बर उलट दिशेला असते, म्हणजे सूर्य वर असताना ती क्षितिजाच्या खाली असणार, आणि तुमचा चंद्र तर चांगला वर होता. हा गैरसमज खूप जणांचा असतो आणि तो जायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, कारण तो गेला की बाकीचं सगळं आपोआप सुटत जातं.

चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडात असतो, अमावस्येला सुद्धा. फक्त त्या उजळ अर्ध्यातला किती भाग आपल्या बाजूला आलाय तेवढं बदलतं, त्यालाच कला म्हणायचं. आज रात्री करून बघा, खोलीत अंधार करून एकच बल्ब लावा, हात लांब करून एक बॉल धरा आणि जागेवर हळूहळू गोल फिरा. बल्बच्या दिशेला बॉल असला की तुमच्याकडची बाजू काळी, ही अमावस्या. पाव फेरी मारली की अर्धा उजळ, आणि बल्बकडे पाठ केली की पूर्ण गोल, पण तेव्हा बॉल डोक्याच्या जरा वर धरा, नाहीतर तुमच्याच डोक्याची सावली त्यावर पडेल. ते मात्र ग्रहण.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा साधारण 5 अंश कललेली आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चंद्र सरासरी 3,84,400 किमी लांब आहे, तेवढ्या अंतरावर 5 अंश म्हणजे 30 हजार किमीच्या वर होतात आणि पृथ्वीची गडद सावली तिथे जेमतेम 9 हजार किमी रुंद असते, त्यामुळे बहुतेक वेळा चंद्र तिच्या वरून नाहीतर खालून निघून जातो.

प्रश्न : चंद्राची फेरी 27 दिवसांची म्हणतात, मग पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस कसे?

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत. 27.3 दिवसांत चंद्र ताऱ्यांच्या हिशोबाने फेरी पुरी करतो, पण तोवर पृथ्वी स्वतःच सूर्याभोवती साधारण 27 अंश पुढे सरकलेली असते. मग पुन्हा सूर्याच्या समोर यायला त्याला अजून दोन दिवसांच्या वर चालावं लागतं, म्हणून 29.5.